दोऱ्यावरचं बोट

फोन मंगलचा होता. मी तेव्हा लेकाकडे जयसिंगपूरला होते आणि दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. मंगल म्हणजे आमच्या वैनीच्या रजयांच्या कारखान्यातली मशीनवरची बाई. एरवी ती फोनवर आधी नातवाचं विचारणार, मग पावसाचं आणि मग कामाचं. त्या दिवशी नुसती म्हणाली, "अक्का, बगळी बंद केलीया." बगळी हे मशीनचं नाव. लांब मानेचं आणि टोचत जाणारं, म्हणून बायकांनीच ठेवलेलं. भर हंगामात, अर्धी रजई चौकटीवर ताणलेली असताना बगळी बंद करायचा अधिकार फक्त वैनीचा होता आणि तिनं तो कधी वापरला नव्हता. मग आज बंद कुणी केली आणि का, हे मी विचारलंच नाही. पिशवी उचलली आणि मिळेल त्या एसटीनं कोल्हापूर गाठलं…

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करून नेत नाहीत. बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. वैनीलाही भिंतीशी बसवलं होतं. छातीत कळ आली आणि मशीनशेजारच्या स्टुलावरून ती खाली आली, एवढंच झालं होतं. चेहरा असा होता की आता डोळे उघडून कुणाला तरी झापणार. तिच्या शेजारी अण्णा बसला होता. अण्णा म्हणजे तिचा नवरा, माझा सख्खा थोरला भाऊ. धाय मोकलून रडत होता. मधेच तो वाकला आणि तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटू लागला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, किती जीव होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. भरल्या घरात मी म्हणाले, "अण्णा, त्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. बोलायचं तर उजव्या बाजूला ये."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. तो कान त्यानंच फोडला होता.

आमच्या समाजाच्या अंकासाठी वैनीवर चार शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा अपेक्षा अशी होती की मी तिच्या कष्टांबद्दल, जिद्दीबद्दल, हाताखालच्या बायकांना दिलेल्या रोजगाराबद्दल लिहीन. ते सगळं खरं आहे. पण ते लिहून हे गाळलं, तर मी तिच्याबद्दल काहीच लिहिलं नाही असं होईल. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलतच नाहीये, जिवंत माणसाबद्दल बोलतेय.

तिचं नाव पार्वती. माहेर कुरुंदवाडचं, तिथं तिला पारव्वा म्हणत. आमचं लक्ष्मीपुरीत गादीचं दुकान. पुढं दुकान, मागं कापूस पिंजायची खोली, वर घर. ती लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट होती. अण्णाला तिखट चालायचं, पण जेवणात. पहिल्याच वर्षी त्यानं तिला जिन्यावरून ढकललं, कारण गिऱ्हाइकासमोर तिनं त्याची आकडेमोड दुरुस्त केली होती. नंतर मारायला कारणं लागेनाशी झाली. भाजी, चप्पल, उघडा राहिलेला नळ… माझा नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले आणि दुकानात कापड बेतायला बसले, तेव्हापासून मी हे सगळं भिंतीपलीकडून नाही, समोर बघितलंय. मी काही गप्प बसणारी बाई नाही. एकदा मी त्याच्या अंगावर पितळी तांब्या फेकला होता. कपाळाला खोक पडली. पण माझ्या आरडाओरड्याचा परिणाम एवढाच व्हायचा की तो आधी दाराला आतून कडी घालायचा आणि मग मारायचा.

नव्वदीच्या मध्यावर लोक कापसाच्या जड गादीला नाकं मुरडायला लागले. त्यांना हलक्या, नक्षीच्या शिलाईच्या रजया हव्या होत्या. अण्णानं कुठूनतरी ऐकलं आणि बंगळुरूकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून हे लांब हाताचं मशीन उचलून आणलं आणि दुकानामागच्या खोलीत बसवलं. रुळांवर पुढं-मागं, डावी-उजवीकडं फिरणारं. खाली चौकटीवर रजईचे तीन थर ताणायचे, वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर, आणि मशीन हातानं धरून त्यांच्यावर वेलबुट्टी काढत न्यायची. साऱ्या लक्ष्मीपुरीला बोलावून अण्णानं नारळ फोडला. मशीन चाललं, आणि हातभर शिवून झाल्यावर दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. रजई उलटी करून बघितली तर अस्तराच्या बाजूला दोऱ्याचे नुसते फास. वर शिलाई, खाली केसाळ कुत्रं.

आता गंमत अशी, की फास खाली दिसतात म्हणून सगळे खालीच हात घालतात. सुईखाली बॉबिनची डबी असते, तिच्यावर एक बारका स्क्रू असतो. तो पिळला की खालचा दोरा कडक होतो. अण्णानं तो पिळला. बाहेरून आणलेल्या मिस्त्रीनं पिळला. दुसऱ्या मिस्त्रीनं आणखी पिळला. मग दोरा तर तुटायचाच, वर सुईही मोडायची. एकदा मोडक्या सुईचं टोक उडून अण्णाच्या भुवईत घुसलं, तेव्हा त्यानं पान्ह्यानं मशीनच्या मानेवर असे घाव घातले की रंगाचे टवके उडाले. ते टवके गेलेले डाग अजून आहेत. मशीनला मारून झालं की तो जिना चढून वर जायचा. वैनी वर असायची. वड्याचं तेल वांग्यावर निघायचं, रोज.

एका दुपारी तो वर जेवून आडवा झाला असताना वैनी मशीनपाशी गेली. मी कापड बेतत होते. तिनं मशीन चालू केलं नाही, शिवलं नाही, फक्त वरच्या रिळापासून सुईपर्यंत दोरा बोटानं चाचपत गेली. वाटेत दोन चकत्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखा बसायला पाहिजे. तो बसलेलाच नव्हता, बाहेरून मोकळा जात होता. म्हणजे वरून दोरा सैल सुटत होता आणि खाली जाऊन ढीग करत होता. वर्षभर लोक खालचा स्क्रू पिळत होते आणि चूक वर होती. तिनं दोन्हीकडून दोरा धरून दातांच्या फटीत घालावा तसा चकत्यांत ओढून बसवला. मग डबी काढली. आमच्या दुकानात कापूस हवेतच असतो. डबीच्या पातीखाली त्याचा बारीक गोळा अडकून बसला होता. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून तिनं तो कोरून काढला, स्क्रू सोडवला आणि डबी दोऱ्याला टांगून हळूच झटका दिला. डबी थोडी खाली आली आणि थांबली. "बघा वन्सं," ती म्हणाली, "नवी सून जिना उतरती तशी उतरली पायजे. धाडदिशी न्हाय, अन् अडून बी न्हाय."

मशीन चालू झालं. एकसारखी शिलाई पडत गेली. रजई उलटली तर खालची बाजू वरच्यासारखीच होती. आवाज ऐकून शेजारचे दोघेतिघे दुकानदार आत आले, अण्णाही डोळे चोळत खाली आला. एक जण हसत म्हणाला, "काय अण्णा, मालकीणबाईंनी करून दावलं की." अण्णाही हसला. सगळ्यांना चहा पाजला, मशीनची स्तुती ऐकून घेतली, त्यांना दुकानाच्या पायरीपर्यंत सोडून आला. परत आला, मधलं दार लावलं आणि तिच्या डाव्या कानावर उघड्या हाताची अशी ठेवून दिली, की ती मशीनच्या रुळावर जाऊन आदळली. मी कात्री घेऊन त्याच्या अंगावर धावले. त्यानं माझा हात पिरगळून मला बाजूला टाकलं. वैनीच्या कानातून रक्त येत होतं आणि ती रजईकडं बघत होती, कारण एक थेंब पांढऱ्या कापडावर पडला होता. मशीन चालेना तेव्हा मारलं होतं, ते मला एकवेळ समजलं असतं. मशीन चाललं म्हणून मारलं.

तो कान गेला तो गेलाच. आता मशीनवाल्या माणसाला कान लागतो. दोऱ्याची ओढ बिघडली की आवाज आधी बदलतो, फास नंतर दिसतात. वैनी मशीन चालवायची तेव्हा दोरा डाव्या अंगाला असायचा, आणि त्या बाजूला तिला काही ऐकू यायचं नाही. म्हणून तिनं डाव्या हाताचं पहिलं बोट दोऱ्यावर ठेवायला सुरुवात केली. रीळ आणि चकत्या यांच्यामध्ये, अगदी हलकं. उजव्या हातानं बगळी चालवायची आणि डाव्या बोटानं दोरा ऐकायचा. ओढ जराशी बदलली की ती थांबायची. त्या बोटाच्या पेरावर दोऱ्यानं पाडलेली खाच होती. तिच्या रजयांची खालची बाजू बघून व्यापारी माल उचलायचे. कारखाना तिनं उभा केला तो असा. अण्णा पुढच्या गल्ल्यावर बसायचा आणि मालक म्हणवून घ्यायचा.

आता मी तिला देवी करून ठेवणार नाही. ती मारकुटी होती. जसा कारखाना वाढला, हाताखाली बायका आल्या, तसा तिचा हात सुटत गेला. चुकीच्या बाजूनं अस्तर लावलं की पाठीत धपाटा. स्क्रूला हात लावला की बोटांवर गजाचा फटका. गज म्हणजे कापड मोजायचा लोखंडी गज, तो कायम तिच्या हाताशी असायचा. कात्री तर ती इतक्यांदा भिंतीवर फेकून मारायची की तिथला गिलावा गेला होता. वरच्या मजल्यावर तिनं मार खाल्ला की खाली त्या दिवशी कुणाची तरी पाठ शेकायची. हे आम्हा सगळ्यांना कळायचं. फक्त ते तिला कुणी सांगायचं नाही. मी एकदा सांगितलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मग तो दिवस आला. गगनबावड्याकडच्या एका लॉजच्या रजया द्यायच्या होत्या, तिकडं पाऊस सुरू व्हायच्या आत. सकाळी अण्णा आत आला, काम मागं पडलंय म्हणून तोंड सोडलं आणि जाता जाता दोऱ्याच्या रिळांच्या स्टँडला लाथ घातली. रिळं गडगडली. तो गेला. वैनी बाजारात होती. मंगलनं रिळं गोळा केली, दोरा होता तसा परत लावला आणि भीतीनं मशीन चालू केलं. मंगल तेव्हा नवी होती, मशीनवर बसून फार काळ झाला नव्हता, पण हात चांगला होता. थोड्या वेळानं अस्तराला फास दिसायला लागले. तिनं, सगळे करतात तेच केलं. खालचा स्क्रू पिळला, मग आणखी पिळला. सुई मोडली, कापड ओढलं गेलं आणि रजई मधोमध टरकन फाटली.

नेमकी त्याच वेळी वैनी दारातून आत आली. तिनं फाटलेली रजई बघितली, मंगलच्या हातातला बारका पेचकस बघितला. पुढं येऊन तिच्या कानाखाली वाजवली. डाव्याच. मंगल खाली बसली. रडली नाही. कानावर हात ठेवून ती वैनीकडं वर बघत हळूच म्हणाली, "वैनी, ह्या कानाला काय ऐकू यीना झालंय."

कारखान्यात सगळ्याच बायका उभ्या राहिल्या. मी वैनीचा चेहरा बघितला. त्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. मार खाताना मी तिला कितीदा बघितलं होतं, पण तसं कधी बघितलं नव्हतं… तिनं मंगलला उठवलं, रिक्षात घातलं आणि स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. पडदा फाटला नव्हता, सूज होती, उतरेल म्हणाले. परत आल्यावर मंगलला तिनं स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि मशीनपाशी जाऊन, त्या पहिल्या दुपारी गेली होती तशीच, रिळापासून दोरा चाचपत गेली. चकत्यांशी बोट थांबलं. दोरा बाहेर होता. अण्णाच्या लाथेनं उडालेला, तो परत आत बसलाच नव्हता.

"वर निसटलाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, नुसती. "वर निसटलाय, अन् समद्यांनी खालीच मारलं. मी बी."

अण्णा दुपारी आला. रजई फाटल्याचं त्याला पुढं कळलं होतं. कुणी फाडली, एवढंच विचारलं आणि उत्तर यायच्या आधी मंगलच्या दिशेनं हात उगारून निघाला. आजवर तो बाहेरच्या बाईवर हात टाकत नव्हता. वैनी मधे उभी राहिली नाही. ती बाजूनं आली. गज दोन्ही हातांनी धरून तिनं त्या उगारलेल्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा असतो, तो मी त्या दिवशी ऐकला. अण्णा गुडघ्यावर आला. दुसऱ्या हातानं त्यानं मनगट पोटाशी धरलं. ती त्याच्यावर उभी होती, गज परत वर गेला होता, आणि मला एक क्षण वाटलं की ती त्याचं डोकं फोडणार. खरं सांगायचं तर मी तिला अडवायला पुढं गेले नाही. तिनंच गज खाली घेतला.

"उठा," ती म्हणाली. "अन् ह्या दाराच्या आत परत यायचं न्हाय."

कुरुंदवाडहून तिचे भाऊ आले, आमच्यातले वडीलधारे जमले. वरच्या माडीवर बैठक बसली. अण्णा प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन मधोमध बसला होता, जणू तोच फिर्यादी. नवऱ्यावर हात टाकला, हे शोभलं नाही, माफी मागावी, म्हणजे घरातलं घरात मिटेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. माफी मागितली नाही तर दुकान अण्णाचं आहे, कारखान्याला कुलूप लागेल, हेही गोड शब्दांत सांगून झालं. तिनं सगळं उजवा कान पुढं करून नीट ऐकलं आणि म्हणाली, "माफी मागायची ती मंगलची मागून झाली. ह्यांच्या हाताचं काय असंल ते डॉक्टरला इचारा." आणि कुलपाचं म्हणाल तर लावा, मी बायकांना घेऊन दुसरीकडं बसते, मग बगळीच्या दोऱ्याचं टेन्शन कोण बघतंय ते बघू, असं म्हणून ती खाली कामाला निघून गेली. वडीलधाऱ्यांनी चहा घेतला. कुलूप काही लागलं नाही. बगळीला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर काय होतं, हे सगळ्या लक्ष्मीपुरीला माहीत होतं.

अण्णाचं मनगट वाकडं जुळलं. तो हात पुन्हा कुणावर उठला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो पुढच्या दुकानात बसून तोंडानं आग ओकायचा, पण मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबायचा. वैनी त्याला दोन वेळा जेवायला वाढायची. बोलायची नाही. मी एकदा विचारलं, की अजून कशाला वाढतेस. म्हणाली, उपाशी माणूस जास्त ओरडतो.

आणि गज? तो तिनं कापड मोजायला परत घेतला नाही. मशीनच्या मागं भिंतीला खिळा ठोकून टांगला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर मंगलला म्हणाली, "ह्यापुढं माझा हात कुणावर उठला, तर ह्यो गज काढून माझ्या हातावर घालायचा. तू घालायचा." मग डबीच्या स्क्रूचा तो बारका पेचकस, ज्याला आजवर तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, तो मंगलच्या हातात दिला. मंगलला वाटलं ही थट्टा आहे. नव्हती. वैनीचा स्वभाव काही गाईचा झाला नाही. तिची जीभ तशीच राहिली, कात्री भिंतीवर बसतच राहिली, एकदा तर बॉबिनचा अख्खा डबा तिनं मागच्या अंगणात भिरकावला आणि आम्ही सगळ्या गवतात बॉबिना शोधत बसलो. एक-दोनदा हात उठलाही. पण अर्ध्यात जाऊन तो भिंतीवरच्या गजाकडं बघायचा… हात कसा बघेल, पण मला तसंच दिसायचं. मग ती त्या हातानं स्वतःचा पदर नीट करायची.

विधी आटोपल्यावर मी पुन्हा कारखान्यात गेले. अण्णा उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसला होता. आता आत यायला त्याला कुणी अडवणार नव्हतं, तरी तो आत आला नव्हता. वैनीची अर्धी राहिलेली रजई चौकटीवर तशीच होती. मंगलनं बगळी चालू केली आणि एका नव्या बाईला चालवायला दिली. काही महिन्यांपूर्वीच ती कामाला आलेली. तिला ना त्या थपडेची गोष्ट माहीत, ना गजाची. तिनं उजव्या हातानं बगळी धरली आणि डाव्या हाताचं पहिलं बोट दोऱ्यावर ठेवलं. मी तिला विचारलं, बोट कशाला? ती म्हणाली, "वैनींनी तसंच शिकिवलंय की. बगळी तशीच चालवत्यात." तिचे दोन्ही कान शाबूत. बाकीच्या बायकांचेही. आणि त्या कारखान्यात शिकलेली प्रत्येक बाई, जाईल तिथं, दोऱ्यावर असंच बोट ठेवून मशीन चालवते.

थोड्या वेळानं ती थांबली. खाली वाकून बघितलं तर अस्तराला फास होते. चूक झाली होती. मी बघत होते. इतक्या वर्षांत त्या जागेवर चुकलेली बाई मी अशी कितीतरी वेळा बघितली आहे, मान खांद्यात, एक हात आपोआप कानाकडं. उंबऱ्यातला अण्णाही मान लांबवून बघत होता. त्या बाईनं मान आखडली नाही. तिचा हात कानाकडं गेला नाही, स्क्रूकडंही गेला नाही. तिनं सरळ हाक मारली, "मंगलताई, वर निसटलाय वाटतं."

मंगल आली, दोरा चकत्यांत ओढून बसवला आणि आपल्या कामाला निघून गेली. बगळी परत चालू झाली.